हवेचे मास्तर

मास्तरांनी आमच्या बाळंतिणीच्या खोलीची भिंत पहारीनं फोडली, तेव्हा मला त्या घरात सून म्हणून येऊन चारच महिने झाले होते. मी मागच्या अंगणात शेण कालवत बसले होते. शेण हातातच राहिलं आणि तोंडाचा जो आ झाला तो मिटायला बराच वेळ लागला. माहेरी मी भांडणं पाहिली होती, चोर पाहिला होता, एकदा पिसाळलेला कोल्हाही पाहिला होता. पण भरदिवसा परका माणूस येतो आणि बाळंतिणीच्या भिंतीवर पहार घालतो, हे काही पाहिलं नव्हतं.

खोलीत माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या, दहा दिवसांच्या बाळंतीण. आमच्याकडे बाळंतिणीला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू देत नसत. त्या खोलीला खिडकी नव्हतीच. दारावर दुहेरी घोंगडी टांगलेली, खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी धुमसत ठेवलेली आणि तिच्यावर ओव्याची धुरी. दोन दिवसांपासून जाऊबाईंना गुंगी येत होती आणि पोराचं रडणं थांबलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी लागलं. त्या मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकत होत्या. मास्तर शाळेतून आले, दारावरून जाताना थबकले, घोंगडीला नाक लावून हुंगलं आणि काही न बोलता गोठ्यात पहार आणायला गेले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, गावात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. ते धावत आले. "मास्तर, हे काय करून राह्यले तुमी? काहून भिताड फोडता माह्यं?"

मास्तरांचा हात थांबला नाही. "तुमच्या सुनेला आणि नातवाला तुम्ही कोंडून मारताय. आधी भोक पाडतो, मग मला काय मारायचं ते मारा."

मातीची भिंत ती, किती टिकणार. सूप मावेल एवढं भोक पडलं आणि त्यातून धुराचा लोट बाहेर आला. मास्तरांनी समोरच्या दारावरची घोंगडी ओढून काढली, शेगडी लाथेनं अंगणात उडवली. सासूबाई कपाळ बडवून घेत होत्या. दिवस कलायच्या आत पोर रडलं, आणि असं रडलं की शेजारच्या आळीतल्या बायका बघायला आल्या. मामंजी त्या भोकासमोर कितीतरी वेळ उभे होते. त्या दिवसापासून आमच्या घरात एक कायदा झाला. हवेच्या बाबतीत मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा.

आमचं गाव किन्हीराजापासून कोसाभरावर. मालेगावच्या बाजाराला बैलगाडीनं जायचं आणि मोटार दिसली तर आठवडाभर तिच्याबद्दल बोलायचं, असे ते दिवस होते. मास्तर समुद्राकडच्या मुलखातले. बोली वेगळी, खाणं वेगळं, आणि त्यांना आमच्या गावात कोणत्या पापासाठी पाठवलं होतं हे कुणाला माहीत नव्हतं. शाळेतली त्यांची खोली गळायची, म्हणून मामंजींनी त्यांना आमच्या ओसरीच्या एका टोकाला जागा दिली होती. पन्नाशी उलटलेली, अंग काटकुळं, आवाज चिरका, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. रागीट इतके की कढी पातळ झाली तरी पानावरून उठत.

सगळ्या जगाकडे ते एकाच प्रश्नानं पाहत. हवा कुठून येते इथं? कणगीपुढे उभे राहून विचारत, कपड्यांची पेटी उघडून विचारत, पाळण्यात वाकून विचारत. पूजेच्या वेळी देवघरात डोकावून त्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा सासूबाईंच्या हातातली घंटी खाली पडली.

विहिरीचं पाणी आलं की मास्तर लाकडी बाजेवर चढत, पाण्याचा एक पितळी गुंड डोक्याइतका उंच धरत आणि खाली ठेवलेल्या दुसऱ्या गुंडात धार सोडत. मग दुसरा उचलायचा, पहिल्यात ओतायचा. असं सात-आठ वेळा. निम्मं पाणी अंगणात आणि मास्तर चिंब. पाणी विहिरीत बसून बसून मेल्यासारखं होतं, त्याला उंचावरून पाडलं की त्यात हवा मिसळते, धबधब्याचं पाणी गोड लागतं ते यामुळेच, असं ते सांगत. पाणी मी भरायची, ओतायचे ते. मला त्यांचा असा राग यायचा की काय सांगू. पण चोरून ते पाणी पिऊन पाहिलं, तर खरंच वेगळं लागलं.

शेतात गेले तर वखराच्या मागे चालत आणि ढेकूळ फोडून नाकाशी नेत. पावसानंतर जमिनीवर पापुद्रा धरला की अस्वस्थ होत. कपाशीच्या ओळींतून माती मोकळी करणारा डवरा फिरला नाही तर मुळांचा श्वास अडकतो, म्हणत. रस्त्यात गांडूळ दिसलं तर उचलून वावरात नेऊन सोडत आणि त्याला म्हणत, जा बाबा, कामाला लाग. खळ्यावर उपणणी चालली की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. ज्वारी वरून सोडायची, भूस वाऱ्यानं पलीकडे, दाणे खाली. वाऱ्याइतका इमानदार गडी तुम्हाला सापडणार नाही, असं ते मजुरांना तोंडावर सांगत आणि मजूर तोंड वाकडं करत.

नाल्यावरचा प्रकार तर मी डोळ्यांनी पाहिला. चैत महिना, डोह आटून गुडघाभर पाणी उरलेलं, आम्ही बायका धुणं धूत होतो. मास्तर काठावर आले, पाण्याकडे वाकून पाहिलं, धोतर खोचलं आणि सरळ आमच्यात घुसले. एका बाईच्या हातातलं धोपाटणं हिसकावून घेऊन ते दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागले. बायका ओल्या लुगड्यांनिशी किंचाळत पळाल्या. मला वाटलं, याला वेड लागलं, आणि हे वेड आता माझ्याच घरी जेवायला येणार. ते ओरडून सांगत होते की मासे वर तोंडं काढून तडफडताहेत, पाण्यातली हवा संपलीय, बडवा, सगळ्यांनी बडवा. कुणी बडवलं नाही. एकटेच दुपारपर्यंत बडवत राहिले. मासे जगले, आणि एवढे मासे तिथं आहेत हे गावाला कळल्यामुळे दुसऱ्या दिवशी लोकांनी टोपल्या लावून सगळे धरून नेले. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

या नादाचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. जाऊबाईंनी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, अन्नावाचून माणूस पंधरा दिवस काढतो, हवेवाचून किती काढतो ते बघा. आणि आमच्यासमोर त्यांनी नाक-तोंड दाबून धरलं. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, कपाळावरची शीर फुगली. जाऊबाई पोराला घेऊन पळाल्या. मी मात्र खिळल्यासारखी बघत राहिले. हात काढल्यावर त्यांनी जो श्वास ओढला त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यांच्यामुळे मला एक सुख मिळालं, तेही सांगते. ते चुलीजवळच्या उंबऱ्यावर येऊन मला म्हणाले, सूनबाई, भज्यांचं बेसन नुसतं कालवू नकोस, फेट. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. मी हात दुखेपर्यंत फेटलं. भजी अशी फुलली की माझाच विश्वास बसेना. आमचे हे, म्हणजे माझे मालक, जेवायला बसले होते. तेव्हा तेवीस वर्षांचे असतील. एक भजं फोडून त्यांनी आत पाहिलं आणि हळूच विचारलं, "अवं, काय भरलं यात?" मी म्हटलं, हवा. त्यांना ठसका लागेस्तोवर हसू आलं. दिवसाउजेडी, घरातल्या माणसांत, आम्ही दोघं मिळून हसलो ते तेवढंच एकदा.

भोक पाडून वाचवलेलं ते पोर वर्षाचं झालं आणि वैशाखात त्याचं जावळ काढायचं ठरलं. पाहुणे येणार, ज्वारी लागणार. आमच्या वाडग्यात, म्हणजे घरामागच्या गुरांच्या आवारात, जमिनीखाली ज्वारी साठवायचं पेव होतं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली दीड-दोन पुरुष खोल पोकळी. पौषात ते अर्धं उपसून, वर कडबा आणि शिळा घालून मातीनं लिंपून टाकलं होतं. पेवात वाफ असते आणि ती माणूस घेते, हे आमच्याकडे सगळे जाणून होते. मास्तरांचं म्हणणं, वाफबिफ काही नाही. कोंडलेलं धान्य आतली चांगली हवा खाऊन टाकतं, आणि उरते ती जड, मारकी हवा तळाशी बसून राहते. ती हलवून बाहेर काढली की झालं. म्हणून पेव उघडायचं काम मामंजींनी त्यांच्याकडेच सोपवलं.

आदल्या दिवशी शिळा काढली होती. सकाळपासून मास्तर दोन गड्यांकडून दोराला बांधलेली घोंगडी आणि कडुनिंबाचे डहाळे पेवात खाली-वर करवून घेत होते. मग दोराला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. तो तळाशी नीट जळला तर माणूस उतरेल, नाही तर नाही. पण भर उन्हातून अंधारात पाहायचं, आणि मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मला हाक मारली. सूनबाईचे डोळे चांगले आहेत, ती बघेल. सासऱ्यांच्या समोर, गड्यांच्या समोर सुनेला असं पुढे बोलवायचं म्हणजे केवढं धाडस. सासूबाईंनी दारातून डोळे वटारले. मामंजींनी मान डोलावली म्हणून मी तोंडावर पदर ओढून पेवाच्या काठाशी गुडघे टेकले.

पहिल्या खेपेला ज्योत बारीक झाली. मी तसं सांगितलं. मास्तरांनी कंदील वर घेतला आणि पुन्हा घोंगडी हलवायला लावली. मामंजी कंटाळले होते. झालं असेल आता, पाहुणे यायची वेळ झाली, असं काहीसं म्हणाले. मास्तर गड्यांसमोर त्यांच्यावर खेकसले, "हवेतलं तुम्हाला जास्त कळतं की मला?" मामंजी दोन पावलं मागे सरले. त्यांना असं बोललेलं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, माझीच कानशिलं तापली.

दुसऱ्या खेपेला कंदील अर्ध्यावर नीट गेला. अर्ध्याच्या खाली ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली. आत काळोख.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात दिवा विझला असं कुणी म्हणत नसे. बांगडी फुटली तर वाढवली म्हणायचं, तसं दिवा विझला की वाढला म्हणायचं. लक्ष्मीच्या घरात वाईट शब्द नको. सणाच्या, जावळाच्या दिवशी तर नकोच नको. मला लहानपणापासून तीच सवय. मास्तरांनी विचारलं, आता कसा आहे? मी पदराआडून, जितक्या हळू बोलता येईल तितक्या हळू सांगितलं, "वाढला."

मास्तर हं म्हणाले. मग पाठीमागे वळून, पेवात उतरायला कमरेला दोर बांधून उभ्या असलेल्या यांना म्हणाले, "उतर."

मी मान वर केली. मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. गडी दोराच्या गाठी सोडवत होते, मामंजी बाजूला उभे होते, कुणी काही म्हणेना. वाटलं, मास्तरांना यातलं ज्ञान आहे, त्यांनी काही हिशेब केला असेल. सुनेनं एकदा बोलायचं तेच फार, दुसऱ्यांदा कसं बोलायचं? हे पेवाच्या तोंडाशी क्षणभर बसले, मग दोर धरून सरसर खाली गेले. मी तोंड उघडलं नाही. हे मी आज लिहितेय, पण त्या क्षणाशी आले की अजून माझा हात थांबतो.

एक टोपलं अर्धवट भरून वर आलं. दुसरं आलं नाही. कमरेचा दोर त्यांनी काम करताना अडचण होते म्हणून सोडला असावा, कारण गड्यांनी ओढला तर नुसता दोर हातात आला. हाका मारल्या, उत्तर नाही. मास्तरांनी झडप घालून कंदील वर ओढला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, वातीला बोट लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. बाकीचे सगळे पेवात तोंड घालून ओरडत होते.

"तू वाढला म्हणालीस," ते पुटपुटले.

"आमच्यात विझला म्हणत नाहीत," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी सांगू शकत नाही. पण ते एक क्षणही थांबले नाहीत. मामंजी पोराच्या मागे उडी टाकायला निघाले होते. मास्तरांनी त्यांना दोन्ही हातांनी मागे लोटलं, खाली पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. बापाला पोराकडे जाऊ देत नाही! गड्यांनी मास्तरांना दोराच्या टोकानं मारायला सुरुवात केली. मार खात ते ओरडत होते, एकही माणूस खाली जाणार नाही, घोंगडी हलवा, वरून पाणी ओता, आणखी ओता. माझे पाय आपोआप हलले. मी घागरी उचलून पेवात पाणी ओतू लागले. ते पाहून जाऊबाई आल्या, मग गडीही घोंगडी घेऊन लागले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुन्हा कंदील सोडला. मास्तरांनी मला विचारलं, "जळतो?" मी ओरडून सांगितलं, "जळतो." मग छातीला दोर बांधून ते स्वतः उतरले आणि त्यांनी यांना वर पाठवलं.

यांच्या केसांत, भुवयांत ज्वारीचे दाणे अडकले होते. मास्तरांनी छाती दाबली, तोंडात तोंड घालून फुंकलं. लोकांना तो विटाळ वाटला, कुणीतरी त्यांना ओढून बाजूला केलं. काही उपयोग झाला नाही. माझ्या बांगड्या त्याच वाडग्यात वाढवल्या.

पोलीस पाटील आले, चार माणसं बसली. दिवा कुणी पाहिला होता, असं विचारलं गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "इनं पाह्यला. इचारा इले, काय सांगतलं इनं." सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. मला कळून चुकलं की आता मी जे बोलेन त्यावर या घरात माझं उरलेलं आयुष्य ठरणार आहे.

मास्तर उठून उभे राहिले. अंगावर दोराचे वळ, ओठ फाटलेला. "तिनं दिवा विझला असंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं. मला वाटलं, घोंगडीच्या वाऱ्यानं विझला असेल. मी तरीही उतर म्हटलं. चूक माझी आहे."

या माणसानं कढीबद्दलसुद्धा कधी खोटं कौतुक केलं नव्हतं. सासूबाईंनी पायातली वहाण काढून त्यांच्या तोंडावर मारली. त्यांनी हात वर केला नाही. मामंजी खाली मान घालून बसले होते. तेव्हा मला वाटलं, पोराच्या दुःखानं बसलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपली पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मालेगावच्या वाटेनं पायी निघाले. गावातल्या कुणी त्यांना गाडी दिली नाही. मी माजघरात कोपऱ्यात बसले होते, नवी विधवा, उंबऱ्याबाहेर यायची मला बंदी. त्यांना जाताना मी पाहिलंही नाही.

मला कुणी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही. दोन घास आणि मान, दोन्ही मिळालं. ते सगळं मास्तरांच्या एका खोट्यावर उभं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक आहे, असं मी सतरा वर्षं समजत होते.

मामंजी शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा त्यांचं सगळं मीच करायची. एके दुपारी पेज पाजत असताना त्यांनी माझा एक हात धरला.

"पोरी, त्या दिवशी तू वाढला म्हणाली व्हती."

वाटी माझ्या हातातून सुटली. पेज त्यांच्या अंथरुणावर सांडली.

"म्या आयकलं व्हतं," ते म्हणाले. "माह्या पोरानंबी आयकलं व्हतं. पेवाच्या तोंडाशी बसून त्यानं माह्याकडं पाह्यलं. दिवा तं वाढला आन् मास्तर उतर म्हणून राह्यला, काय करू, असं पाह्यलं त्यानं. मास्तर माह्यावर खेकसला व्हता ना चारचौघांत. म्हटलं, आता पुन्हा कायले बोला. म्या व्हय म्हणून मान हलवली."

मी मोकळ्या हातानं सांडलेली पेज पुसायला लागले. पुसून झाली तरी पुसत राहिले. मास्तरांना वहाण बसली तेव्हा मामंजी समोर बसले होते. ते पेटी डोक्यावर घेऊन निघाले तेव्हाही मामंजी ओसरीत होते. मास्तर त्यानंतर कुठे गेले, आहेत की नाहीत, हे आमच्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मामंजींनी माझा हात सोडला नव्हता. मी काहीतरी म्हणावं म्हणून ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि काय म्हणावं हे मलाही समजत होतं. तुमचा काही दोष नाही, तेवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.